लडलोला मुक्कामाला जाताना

श्रोतेहो, नमस्कार. यंदा मे महिन्यात इंग्लंडला जायचं म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा मुलगा नाहीतर भाची तिकडे नोकरीला असणार. मग शनिवार-रविवारी गाडीत घालून एखादा किल्ला दाखवून आणतात. त्यांना आजच सांगून ठेवा, आम्हाला लडलोला तीन रात्री राहायचंय. तीन रात्री. आणि तेही गावकुसाच्या आत.

लडलो श्रॉपशर परगण्यात आहे, वेल्सच्या सीमेलगत. टीम नदीच्या वळणावर, उंचावर, अकराव्या शतकाच्या अखेरीस डी लेसी या नॉर्मन घराण्याने किल्ला बांधायला घेतला आणि त्याच्या दारात गाव वसलं. लंडनहून थेट गाडी नाही. पॅडिंग्टनहून न्यूपोर्ट किंवा यूस्टनहून क्रू, तिथे गाडी बदलायची. जाऊन-येऊन सहा-सात तास प्रवासातच जातात, म्हणून मुक्काम हवा. तिकिटं दोन-तीन महिने आधी काढलीत तर बरीच स्वस्त पडतात. स्टेशनावरून गावात जायला चढ आहे. लहानसाच आहे, पण चाकांची बॅग ओढताना कळतो.

राहायचं कुठे? किल्ल्याच्या बाहेरच्या अंगणात कॅसल हाउस म्हणून इमारत आहे, तिच्यात स्वयंपाकघरासकट फ्लॅट भाड्याने मिळतात. ते नाही मिळाले तर ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास बघा. जुन्या लाकडी सांगाड्याच्या घरांत जिने अरुंद असतात आणि लिफ्ट नसते. गुडघे दुखत असतील तर खोली ठरवतानाच तळमजला मागा. सप्टेंबरात किल्ल्यात खाद्यमहोत्सव भरतो, त्या दिवसांत खोल्या मिळणं मुश्कील.

आता किल्ल्यात गेल्यावर काय बघायचं, याची यादी मी देणार नाही. एकच गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

सातव्या हेन्री राजाचा थोरला मुलगा आर्थर. वय पंधरा. १४ नोव्हेंबर १५०१ रोजी लंडनच्या सेंट पॉल्समध्ये त्याचं स्पेनच्या राजकन्येशी, कॅथरीनशी लग्न झालं. ती सोळाची व्हायची होती. वेल्सच्या युवराजाने, म्हणजे इंग्लंडच्या गादीच्या वारसाने, कारभार शिकायला लडलोला राहायचं, म्हणून ऐन थंडीत नवराबायकोला इकडे पाठवलं. कुठे स्पेनचं ऊन आणि कुठे हा दगडी गारठा! वसंत लागता लागता दोघंही आजारी पडली. कसला आजार, यावर इतिहासकार अजून भांडतात. २ एप्रिल १५०२ रोजी आर्थर गेला. कॅथरीन वाचली.

आर्थरचे आतले अवयव इथल्या सेंट लॉरेन्स चर्चमध्ये पुरले आणि देह वूस्टरला न्यायचा ठरला. तीन आठवड्यांनी अंत्ययात्रा निघाली, तर कडाक्याची थंडी, वारा आणि पाऊस. बरोबर चाललेल्या दरबारी माणसाने लिहून ठेवलंय की रस्ता इतका वाईट होता, की काही ठिकाणी शवपेटीच्या गाड्याला बैल जुंपावे लागले. पावसाळ्यात आपल्याकडे रुतलेली एसटी बैलांनी ओढून काढावी, तसं. इंग्लंडच्या होणाऱ्या राजाची ही शेवटची मिरवणूक! कॅथरीन मागे किल्ल्यातच. तिची सासू, एलिझाबेथ राणी, हिने पुढे काळ्या मखमलीने मढवलेली डोली पाठवून तिला लंडनला आणवलं. स्वतःचा मुलगा गेलेला असताना तिने सुनेची आठवण ठेवली, हे मला फार मोठं वाटतं.

पुढचं ठाऊक असेल. धाकट्या दिराशी, म्हणजे आठव्या हेन्रीशी, तिचं लग्न झालं. वीस वर्षांनी त्याला ते मोडायचं होतं. मग १५२९ साली कोर्टात प्रश्न निघाला, की आर्थर आणि कॅथरीन खऱ्या अर्थाने नवराबायको झाले होते का? झाले असतील, तर भावाच्या विधवेशी झालेलं लग्न धर्माला धरून नव्हतं, असं राजाला म्हणता येणार होतं. तुमच्याकडे मुलंबाळं ऐकत असतील, तेव्हा एवढंच पुरे. आर्थरच्या जुन्या सेवकांनी साक्षी दिल्या. कॅथरीनने शेवटपर्यंत नाहीच म्हटलं. लग्न रद्द करायला रोमचा पोप तयार होईना, तेव्हा राजाने रोमशी संबंधच तोडले. छप्पर उडालेल्या त्या दालनांत उभं राहा, वर नुसतं आभाळ दिसतं. मला तर डागडुजी करून गालिचे अंथरलेल्या किल्ल्यांपेक्षा असे पडके किल्ले बरे वाटतात. तिथे दोरी लावून कुणी अडवत नाही.

जाता जाता अजून एक. हा किल्ला १८११ साली सरकारकडून विकत घेतला पोविसच्या अर्लने, म्हणजे एडवर्ड क्लाइव्हने. हा मद्रासचा गव्हर्नर होता. त्याचा बाप रॉबर्ट क्लाइव्ह १७५६ साली ॲडमिरल वॉटसनबरोबर आपल्या विजयदुर्गावर आला होता, तुळाजी आंग्र्यांचा किल्ला घ्यायला. तिकडचे लोक हे आपणहून सांगत नाहीत. तुम्ही मुलांना सांगा.

असो. किल्ल्यासमोरच्या चौकात सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवारी बाजार भरतो. चीज, पाव, भाज्या तिथेच घ्या आणि घरी करून खा. शाकाहारी माणसाचे हॉटेलात तेच ते बटाटे खाऊन हाल होतात. संध्याकाळी डिनम पुलावरून नदी ओलांडून व्हिटक्लिफच्या टेकडीवर चढा, किल्ला आणि गाव एका नजरेत दिसतं. मेअखेरीस नऊपर्यंत उजेड असतो, तेव्हा घाई नको. एक दिवस रेल्वेने उत्तरेकडे पुढच्याच स्टेशनावर, क्रेव्हन आर्म्सला उतरा. तिथून स्टोकसे कॅसल चालत गाठता येतो. लडलोच्याच लॉरेन्स नावाच्या लोकर व्यापाऱ्याने तेराव्या शतकात बांधलेलं ते तटबंदीचं घर आहे.

तर पुन्हा सांगते: तिकीट आधी, मुक्काम गावकुसात, तोही तीन रात्रींचा. आणि छत्री नेऊ नका, वाऱ्याने उलटते. टोपीचं जॅकेट न्या. नमस्कार.