गाझी : पॅसिफिकसाठी बांधलेली, विशाखापट्टणमजवळ बुडालेली

१ डिसेंबर १९४४. अमेरिकेच्या पोर्ट्समथ नौदल गोदीतून ‘डायब्लो’ ही टेंच वर्गातली पाणबुडी पाण्यात उतरली. लांबी ९५ मीटर. टॉर्पेडो नळ्या पुढे सहा, मागे चार. चार डिझेल इंजिनांवर जनरेटर फिरायचे आणि त्या विजेवर मोटारी. बुडी मारली की सगळी भिस्त बॅटऱ्यांवर, १२६ सेलचे दोन संच. पाण्यावर २० नॉटांनी धावणारी ही पाणबुडी पाण्याखाली जेमतेम पावणेनऊ नॉट गाठायची, तेही थोडाच वेळ. तिची खरी ताकद पल्ल्यात होती : १० नॉटांनी ११,००० सागरी मैल. पार जपानच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन परतायचं, या हिशेबानं ती बांधली होती.

१० ऑगस्ट १९४५ला ती पर्ल हार्बरहून पहिल्या युद्धगस्तीवर निघाली, आणि वाटेतच युद्ध संपलं.

१९६४ मध्ये अमेरिकेनं ती पाकिस्तानला भाड्यानं दिली. नाव पडलं ‘गाझी’. दक्षिण आशियातली ही पहिली पाणबुडी. आपली ‘कलवरी’ आली १९६७च्या डिसेंबरात. १९६५च्या युद्धात गाझी मुंबईबाहेर मोठ्या युद्धनौकांची वाट पाहत होती. भारताची विमानवाहू नौका ‘विक्रांत’ तेव्हा मुंबईतच दुरुस्तीला होती. पुढे तुर्कस्तानातल्या गोलजुकला गाझीची मोठी डागडुजी झाली. सुएझ कालवा बंद असल्यानं आफ्रिकेला वळसा घालून जावं लागलं. तिथंच तिच्यावर समुद्रात सुरुंग पेरण्याची सोयही झाली.

१९७१. बॉयलरला तडा गेलेली विक्रांत बंगालच्या उपसागरात होती. तिथवर जाऊन टिकेल एवढा पल्ला पाकिस्तानच्या नव्या फ्रेंच पाणबुड्यांना नव्हता, म्हणून विक्रांतच्या मागावर १४ नोव्हेंबरला कराचीहून निघाली ती २६ वर्षांची गाझी. इकडे भारताच्या पूर्व नौदल विभागाचे प्रमुख व्हाइस अॅडमिरल एन. कृष्णन यांनी विक्रांत अंदमानात दडवली आणि ती विशाखापट्टणमजवळच असल्याचा आभास उभा केला. ३ डिसेंबरच्या रात्री तिथून बाहेर पडलेल्या ‘राजपूत’ या विनाशिकेनं संशय येताच डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब, टाकले. राजपूतही महायुद्धातलीच, १९४२ साली पाण्यात उतरलेली. मध्यरात्रीनंतर मोठा स्फोट झाला. गाझी नव्वदहून जास्त नौसैनिकांसह बुडाली.

कशानं? भारतीय नौदल श्रेय राजपूतला देतं, पाकिस्तान म्हणतं आपलाच सुरुंग फुटला. तिसरी शक्यता हायड्रोजनची. शिसे-आम्लाची बॅटरी चार्जिंगच्या अखेरीस हायड्रोजन सोडते. पंखे कमी पडले आणि हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांवर गेलं, की एक ठिणगी पुरते. सांगाडा पुढून फाटलेला आहे, टॉर्पेडो कक्षापाशी. मात्र या पाणबुड्यांत पुढचा बॅटरी संच त्या कक्षाच्या लगेच मागे असतो. त्यामुळे स्फोट सुरू कुठं झाला, हे नुसत्या त्या भगदाडावरून ठरवता येत नाही.

गाझी अजून तिथंच तळाशी आहे. भारतीय नौदलानं तिला वर काढलेलं नाही.