पैरा, गाढव आणि पोस्टमन

नमस्कार मंडळी, काय चाललंय, चहा झाला का? नसला तर टाका आधण, तोवर मी सुरू करतो. आजचा विषय म्हणजे इंटरनेटवर एकमेकांच्या कॉम्प्युटरमधनं फाइल ओढायची ती पद्धत, आणि त्या पद्धतींवरनं आमच्या पिढीनं घातलेला राडा. कोल्हापुरात फुटबॉलवरनं पेठा भांडतात हे सगळ्यांना माहित्ये, पण फाइल ओढायच्या दोन सॉफ्टवेअरपैकी ईम्यूल भारी का टॉरेंट भारी यावरनं पण भांडणं झाल्यात, हे कुठं लिहिलेलं सापडायचं नाही, म्हणून मी सांगतो.

तर थोडक्यात. 1999 ला शॉन फॅनिंग नावाच्या कॉलेजच्या पोरानं नॅपस्टर काढलं. गाणी लोकांच्या कॉम्प्युटरवर, पण कुणाकडं काय आहे ती यादी मात्र मधल्या सर्व्हरवर. झालं, म्युझिक कंपन्यांनी कोर्टात खेचलं आणि 2001 ला खेळ बंद. ते कोर्टाचं चालू असतानाच लोक म्हणाले, मधला माणूसच नको. ग्नुटेला आलं, तिथं कुणी म्होरक्याच नाही, गल्लीत उभं राहून हाक मारायची, "हाय का रं कुणाकडं?" आणि ती हाक पुढचा पुढच्याला देणार. हाका मारण्यातच निम्मी लाइन खपायची. मग कझा आलं. तिथं जो जास्त देईल त्याचा नंबर वरचा असा हिशोब होता, पण तो हिशोब ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरवरच ठेवलेला! मग काय, कुणीतरी कझाची बनावट आवृत्ती काढली, तिच्यात काही न देता सगळ्यांचा आकडा थेट 1000. उसाच्या काट्यावर आपला आपण आकडा लिहायला दिला तर काय होईल, तेच झालं.

राहिले दोन पैलवान. एक ईडॉंकी आणि त्याचं भावंड ईम्यूल, म्हणजे गाढव आणि खेचर, नावंच तशी आहेत, मी नाही ठेवली. आणि दुसरं 2001 ला ब्रॅम कोहेननं काढलेलं बिटटॉरेंट. ईम्यूल म्हणजे रेशनची रांग, नंबर लावा आणि बसा, फक्त तुम्ही आधी ज्याला काही दिलंय तो तुम्हाला रांगेत थोडं पुढं घेतो. टॉरेंट म्हणजे पैरा. आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या रानात, आणि जो येत नाही त्याच्याकडं कोण जात नाही. परत सांगतो, ईम्यूल म्हणजे रांग, टॉरेंट म्हणजे पैरा. एवढं ध्यानात ठेवा, बाकी विसरला तरी चालतंय.

आता गोष्ट. 2006 चा पावसाळा. माझे दोन मित्र, एक मंगळवार पेठेतला, ईम्यूलचा भक्त, दुसरा शिवाजी पेठेतला, टॉरेंटवाला. पैज लागली की उबुंटूची (म्हणजे विंडोजसारखी, पण फुकट मिळणारी सिस्टीम) सीडी, तेव्हा नवीन आलेली 6.06 आवृत्ती, कोण आधी उतरवतंय. हरेल त्यानं तिघांची मिसळ. (मिसळ ब्रेडबरोबरच, बरं का. हल्ली पोरं पाव मागतात, मागू देत, आपण बघायचं नाही तिकडं.) पंच मी.

तेव्हाचं इंटरनेट म्हणजे सेकंदाला 256 किलोबिट (आठ बिटांचा एक बाइट), आणि रात्री दोन ते सकाळी आठ फुकट, बाकी वेळ मीटर चालू. फाइल जवळपास 700 एमबी, लाइन फुल्ल पळाली तरी सेकंदाला तीसेक किलोबाइट, म्हणजे एका रात्रीत बसतच नव्हती. ठरलं असं की दर दहा टक्क्याला पंचाला एक मिस कॉल. मी मोबाइल उशीखाली घेऊन झोपलो. मंगळवारचे मिस कॉल सारखे येत होते, आणि शिवाजी पेठेतनं सकाळी आठपर्यंत फक्त दोन. दोन! मी गेलो बघायला तर याचं म्हणणं, "टॉरेंटला जेवढं देशील तेवढं मिळतंय, म्हणून अपलोड मोकळं सोडलंय." अरे लेका, अपलोडनंच लाइन तुंबली तर "मिळालं" ही पोच पण जात नाही, मग समोरचा पाठवणार कसा? अपलोडला वेसण घालायची, थोडं कमी ठेवायचं. परत सांगतो, द्यायचं, पण लाइन तुंबेपर्यंत नाही.

दुसऱ्या रात्री याची गाडी पळायला लागली, तर पहाटे लाइट गेली. आणि तिकडं मंगळवारवाल्याचं शंभर टक्के! सकाळी सीडी बर्न करून हा माझ्या दारात. घातली कॉम्प्युटरमध्ये, काही नाही. परत घातली, काही नाही. शेवटी फाइलचं नाव बदलून प्लेयरवर टाकली तर कराटेचा पिक्चर, तो पण कुठल्यातरी भाषेत डब केलेला. यानं सर्चमध्ये सगळ्यात जास्त सोर्स, म्हणजे देणारी माणसं, दिसतील ती फाइल धरलेली. म्हणून तर एवढी पळाली! ईम्यूल प्रत्येक तुकडा तपासून घेतं, त्यात खोट नाही, पण तुकडे ज्या फाइलचे त्या फाइलचेच आहेत एवढंच ते बघतं. फाइलला नाव काय द्यायचं ते देणाऱ्याच्या मर्जीवर. टॉरेंटवाल्यानं मात्र कुठले तुकडे ओढायचे ते सांगणारी टॉरेंटची छोटी फाइल उबुंटूच्या स्वतःच्या साइटवरनं घेतलेली. गंगावेशच्या दूध कट्ट्यावर म्हैस समोर उभी असते, धार समोर काढतात, तसं. पिशवीवर नाव वाचून घेणं वेगळं.

मंगळवारवाला काय ऐकतोय? "तुमच्या टॉरेंटला साधा सर्च पण नाही, दुसऱ्याच्या दारात जाऊन मागायला लागतंय," म्हणाला. ते पण खरंच होतं.

तिसऱ्या रात्री टॉरेंटवाल्याची उतरली. सकाळी दोघं माझ्या कट्ट्यावर, मिसळ कुणी द्यायची यावर आवाज चढलेला, तेवढ्यात पोस्टमनकाका. हातात परदेशातनं आलेलं पाकीट. उबुंटूवाले तेव्हा मागेल त्याला जगभर फुकट सीडी पोस्टानं पाठवायचे, आणि मी जूनमध्येच अर्ज करून ठेवलेला, सांगायचं विसरलो होतो. खरं सांगू? विसरलो नव्हतो.

दोघांनी मिळून मला मिसळ द्यायला लावली, पंचानं फसवलं म्हणून. पोस्टमनकाकांना चहा दिला. आणि ती सीडी मंगळवारवाल्यानं एका दिवसासाठी म्हणून नेली, त्याच्याकडनं त्याच्या मावसभावानं, तिथनं उत्तरेश्वर पेठेत कुणीतरी. सगळ्यांनी कॉपी काढली म्हणे. माझ्याकडं अजून परत आलेली नाही.