आधी जीव लागला

श्रोतेहो, नमस्कार.

समोरचा ठेचकाळतो आणि 'आई गं' आपल्या तोंडून निघतं. ठेच त्याला, कळ आपल्याला. ही कळ येते कुठून? आणि देह गेल्यावरही मागे काही उरतं, ज्याला आपण आत्मा म्हणतो, ते माणसाला सुचलं कसं? दोनच प्रश्न, पण भलते मोठे. म्हणून मी आपली एका माणसाची गोष्ट सांगते. माझा फार लाडका माणूस आहे तो.

उत्तर इराकच्या डोंगरांत शानिदार नावाची एक प्रचंड गुहा आहे. राल्फ सोलेकी नावाचे अमेरिकन पुरातत्त्वज्ञ तिथे कुर्द मजुरांना घेऊन खणत होते. १९५७ साली दगडांच्या ढिगाखाली त्यांना एक सांगाडा मिळाला. निअँडरथल, म्हणजे आपल्या जवळच्या नात्यातल्या पण आता नामशेष झालेल्या मानवजातीतल्या, एका पुरुषाचा, सुमारे ५० हजार वर्षांपूर्वीचा. खणणाऱ्यांनी त्याचं लाडाचं नाव ठेवलं नँडी.

(निअँडरथल म्हटलं की पोक काढलेला, दांडकं घेतलेला रानटी डोळ्यांसमोर येतो ना? ते पोक मुळात फ्रान्समध्ये १९०८ साली सापडलेल्या एका म्हाताऱ्याचं. त्याला संधिवात होता. एका आजोबांच्या दुखण्यावरून अख्ख्या जमातीला वाकवून ठेवलं! चित्रकारांवरचा माझा हा राग जुना आहे, असो.)

तर नँडी. तरुणपणी कधीतरी त्याच्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूला जबर मार बसला होता. डोळ्याची खोबण चेपलेली, म्हणजे त्या डोळ्याने दिसत नसावं. उजवा हात कोपराच्या वरपासून नाहीच, आणि दंडाचं जे हाड उरलं ते वापराविना वाळून काटकीसारखं झालेलं. उजव्या पायात दुखणं, त्यामुळे चाल लंगडी. कानांच्या नळ्यांत हाड वाढलेलं, हे तर २०१७ साली पुन्हा तपासल्यावर ठळक झालं. म्हणजे ऐकूही जवळपास येत नव्हतं. पुढचे दात मात्र विलक्षण झिजलेले. हाताचं काम तो दातांनी करत असावा, वस्तू दातांत धरून डाव्या हाताने ओढत असावा, असा सोलेकींचा कयास.

आता नीट ऐका, गोष्टीतला जीव इथे आहे. या सगळ्या जखमा भरून आलेल्या होत्या. पुन्हा सांगते, भरून आलेल्या. मेलेल्याचं हाड भरून येत नाही. म्हणजे एक डोळा, एक हात, लंगडा पाय आणि बंद कान घेऊन हा माणूस चाळिशीच्या आसपास पोचला. त्या काळी ते म्हातारपणच. रात्री गुहेबाहेर श्वापदं फिरत असताना तो एकटा किती दिवस टिकला असता? कुणीतरी त्याचा वाटा बाजूला काढून ठेवत होतं. तळ हलवायचा झाला की कुणीतरी त्याच्यासाठी थांबत होतं. तेही एकदोन दिवस नव्हे, वर्षानुवर्षं.

याच गुहेत १९६० साली आणखी एक सांगाडा निघाला आणि त्याच्याभोवतीच्या मातीत फुलांचे परागकण सापडले. निअँडरथलांनी प्रेतावर फुलं वाहिली, ही बातमी जगभर झाली. मीही ती व्याख्यानांत इतकी रंगवून सांगितली आहे की माझा मलाच गहिवर यायचा. पुढे शंका निघाली, की ते पराग बिळं करणाऱ्या उंदरांनी किंवा मातीत घर करणाऱ्या मधमाश्यांनी आणले असतील. फुलं गेली माझी! पण नँडीचं भरून आलेलं हाड कुणी उंदीर आणू शकत नाही.

उंदरांवरून आठवलं. २०११ साली शिकागोत प्रयोग झाला. पिंजऱ्यातल्या नळीत अडकलेल्या सोबत्याला उंदरांनी दार उघडून सोडवलं, आणि चॉकलेट मिळालं तेव्हा बरेचदा त्याच्यासाठी थोडं राखलंही. आपण या गुणाला 'माणुसकी' म्हणतो, हा आपला आगाऊपणाच आहे. त्याचं मूळ आईपणात असावं, असं बरेच अभ्यासक मानतात. पिल्लू रडलं की आईने धावायचं, आणि तीच सवय हळूहळू सोबत्यांपर्यंत पसरायची.

आता आत्मा. वेळ संपत आलाय, म्हणून थोडक्यात. १८७१ साली एडवर्ड टायलर या अभ्यासकाने मांडलं, की श्वास थांबताना पाहून आणि मेलेली माणसं स्वप्नात पाहून आदिमानवाला आत्मा सुचला. श्वासाचं पटतं. आपला 'प्राण' म्हणजे श्वास, आणि 'आत्म्या'चा चुलतभाऊ असलेला जर्मन शब्द, 'आटेम', त्याचाही अर्थ श्वासच. पण टायलरचा आदिमानव मला जरा कोरडा तत्त्वज्ञ वाटतो. स्वप्नात येतं कोण? ज्याच्यावर जीव लावला तो. त्याचा जीव गेला हे आपल्या जिवाला पटत नाही, म्हणून तो कुठेतरी असणारच असं वाटतं. मराठीत लावायला आणि जायला एकच जीव आहे, बघा. कळवळा आधीचा आणि आत्मा नंतरचा, असं माझं मत. पुरावा मागू नका, नँडीच्या हाडापलीकडे माझ्याकडे काही नाही.

आणि हो, रेडिओवर प्रत्येक गोष्ट दोनदा का सांगता, अशी तक्रार माझ्याकडे नेहमी येते. त्या गुहेत नँडीला कुणीतरी प्रत्येक गोष्ट दोनदा सांगत असणार, त्याच्या उजव्या बाजूला, दिसेल असं बसून.

नमस्कार.