डाग दिसण्याआधी

कार्यक्रमपत्रिकेवर ‘जवावरील बुरशीजन्य पर्णरोगांचे नियंत्रण’ असा विषय छापला आहे. नियंत्रणाकडे मी येणारच आहे. पण आधी रॅम्युलेरियाची गोष्ट सांगू द्या, त्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

ही बुरशी १८९३ साली इटलीत कावारा यांनी नोंदवली. नोंद झाली आणि जवळजवळ विसरलीही गेली. पुढे कित्येक दशकं जवाच्या वरच्या पानांवर बारीक तपकिरी ठिपके पडत राहिले. कुणी म्हणालं उन्हाचा चटका, कुणी म्हणालं पिकावरचा ताण, कुणी जाळीदार करपा या जवाच्या दुसऱ्या बुरशीजन्य रोगावर खापर फोडलं. १९८८ मध्ये रॅम्युलेरिया कोलो-सिग्नी हे आजचं नाव तिला मिळालं. सूक्ष्मदर्शकाखाली ती लगेच ओळखू येते. बीजाणू धरणारा तिचा देठ हंसाच्या मानेसारखा वळलेला असतो. पण त्यासाठी पान सूक्ष्मदर्शकाखाली न्यायला हवं ना! बांधावर उभं राहून, नुसत्या नजरेने रोगाचं नाव सांगून मोकळं होण्याची आपली सवय मला फार अस्वस्थ करते. चुकीच्या नावावर फवारणी होते, पैसा जातो आणि रोग जागेवरच राहतो.

इतकी वर्षं ती सापडली का नाही? कारण ती बियाण्यातून येते, रोपाबरोबर वाढते आणि बहुतेक वेळा पीक फुलोऱ्यात येईपर्यंत पान हिरवंगार ठेवते. मग ठिपके उमटतात. तिची रुबेलिन नावाची विषद्रव्यं प्रकाशात सक्रिय होतात. म्हणजे उन्हाला दोष देणारेही अर्धे बरोबर होते! दाणा भरायच्या ऐन वेळी वरची पानं जातात.

स्काल्ड हा जवाचा आणखी एक बुरशीजन्य पर्णरोगही असाच. पावसाच्या थेंबांबरोबर बीजाणू वरच्या पानांवर उडतात, बुरशी आत पसरते, आणि डाग बऱ्याच दिवसांनी दिसतो. म्हणून माझा आग्रह आहे: डाग ही रोगाची सुरुवात समजू नका.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा नियंत्रण आता भरभर सांगतो.

पट्टेदार पर्णरोग बियाण्यातूनच येतो, तिथे बीजप्रक्रिया उत्तम काम करते. जाळीदार करपा बियाण्याबरोबर धसकटांतही टिकतो. जवावर जव घेऊ नका, फेरपालट करा. भुरीसाठी ‘एमएलओ’ या जनुकातल्या बदलामुळे येणारी प्रतिकारशक्ती आहे. १९४२ मध्ये क्ष-किरणांनी घडवलेल्या उत्परिवर्तनात ती दिसली, इथिओपियातल्या स्थानिक वाणांतही सापडली, १९७९ पासून लागवडीच्या वाणांत आहे आणि अजून टिकून आहे. मात्र काही परिस्थितींत हेच वाण रॅम्युलेरियाला जास्त बळी पडतात, हे वाण निवडताना ध्यानात ठेवा.

फवारणीबद्दल एकच. युरोपात रॅम्युलेरियावर क्लोरोथॅलोनिल या बुरशीनाशकाचा मोठा आधार होता. २०१९ मध्ये युरोपीय संघाने त्याच्या मान्यतेचं नूतनीकरण नाकारलं. स्ट्रोबिल्युरिन, अ‍ॅझोल, एसडीएचआय या बुरशीनाशकांच्या तिन्ही गटांना दाद न देणारे रॅम्युलेरियाचे प्रकार तिथे आढळले आहेत. तेव्हा एकाच गटाचं औषध पुन्हा पुन्हा मारू नका, आणि पुढच्या पेरणीआधी बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवा. प्रश्न असतील तर आता विचारा.