पावणे यायच्या आधी मोटार बघा

श्रोतेहो, नमस्कार. पावसानं उघडीप दिली की बेळगाव, निपाणीकडची बरीच मंडळी शनिवार-रविवार मळ्यातल्या घरी काढतात. सोबत मित्रांनाही बोलावतात. वाकळा उन्हात घालणं, डाळ-तांदूळ नेणं हे तुम्हाला सांगायला नको. आज बोलायचं ते पाण्याबद्दल. पावणे यायच्या आदल्या दिवशी विहिरीवरची मोटार चालवून बघा. त्या दिवशी नव्हे, आदल्या दिवशी.

हिशेब सोपा आहे. आठ माणसं, अंघोळीला प्रत्येकी दोन बादल्या, म्हणजे तीनशे लिटरच्या आसपास. संडास, भांडी, हातपाय धुणं धरलं तर दिवसाला सहाशे. पाचशे लिटरची टाकी रविवारची सकाळ बघत नाही.

जांबोटीच्या वाटेवरच्या एका घरची गोष्ट सांगण्यासारखी आहे. घर महिनाभर बंद होतं. शनिवारी संध्याकाळी आठ पावणे आले, टाकी तळाला. विहिरीच्या काठावर एक एचपीची मोनोब्लॉक, म्हणजे पंप जोडूनच येणारी मोटार. बटण दाबलं, मोटार फिरली, पाणी नाही. घरधन्याला वाटलं, येईल थोड्या वेळानं. वीस मिनिटं मोटार तशीच कोरडी फिरली. पंपातलं सील, म्हणजे फिरत्या दांड्याजवळून पाणी गळू न देणारी कडी, पाण्यावरच थंड राहतं. पाणी नसेल तर ते जळतं.

शेजारच्या मळ्यातले आजोबा आले. त्यांनी आधी बटण बंद केलं. मग पंपावर हात ठेवला. तापला होता, म्हणून निवेपर्यंत थांबले, कारण तापलेल्या सीलवर गार पाणी पडलं तर ते तडकतं. निवल्यावर वरचा बोल्ट काढून कळशीनं पाणी ओतलं. इथं कान देऊन ऐका. ओतलेलं पाणी वर उभं राहिलं तर पंपानं नुसती हवा धरली आहे. भरा, बोल्ट आवळा, चालू करा. पाणी खाली उतरत गेलं तर विहिरीतला फूट व्हॉल्व, म्हणजे पाइपाच्या खालच्या टोकाची पाणी परत जाऊ न देणारी झडप, गळतोय. उभं राहिलं तर हवा, उतरलं तर फूट व्हॉल्व. इथं पाणी उतरत होतं. झडपेत पालापाचोळा अडकला होता आणि बंद घराच्या त्या महिन्यात पाइपातलं पाणी थेंब थेंब परत विहिरीत गेलं होतं.

रात्र पडायला आलेली, पाइप वर ओढायला माणसं नाहीत. आजोबांनी ओंजळभर शेण बादलीभर पाण्यात पातळ कालवलं, काड्या-खडे काढले आणि ते पाइपात ओतलं. शेणातले तंतू झडपेच्या फटीत जाऊन बसले, पाणी उभं राहिलं. बोल्ट आवळून मोटार लावली आणि तिनं पाणी धरलं. पण ते पाणी टाकीत जाऊ दिलं नाही. टाकीकडचा पाइप काढून दहा मिनिटं केळीला सोडलं, स्वच्छ यायला लागल्यावरच पाइप जोडला. पिण्याचं पाणी उकळून घेतलं. हा अडीनडीचा उपाय आहे, दुरुस्ती नव्हे. सकाळी दोघांनी पाइप वर ओढून झडप साफ केली, जाळी तळापासून फूटभर वर राहील अशी बांधली, नाहीतर गाळ चढतो. सील मात्र रविवारभर ठिबकत राहिलं. ते बदलावंच लागलं.

मध्येच एक सांगते. मळ्यातल्या घराला पत्रा घालू नका, कौलंच घाला. खानापूरच्या पश्चिमेला पाऊस लागला की पत्र्याखाली समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही, आणि मित्र तर गप्पांसाठीच येतात. फुटलेलं कौल एकटं बदलता येतं. पत्रा गंजला की सगळा पत्राच बदलावा लागतो.

कणकुंबी, जांबोटीकडे पावसाळ्यात वीज गेली की कधी येईल सांगता येत नाही. म्हणून विहिरीवरचा राट काढून टाकू नका. राट, चांगला दोर आणि एक पोहरा असला की मोटारीवाचून काम निभतं.

उन्हाळ्यात वेगळी अडचण. काठावरची मोटार सात मीटरच्या खालचं पाणी नीट ओढत नाही. पाणी त्याखाली गेलं तर पायरीवर उतरवून बसवा, नाहीतर पाण्यातली मोटार घ्या.

रविवारी निघताना टाकी भरून ठेवा, मेन स्विच पाडा आणि किल्ली शेजारी द्या. आठवड्यातून एकदा पाच मिनिटं मोटार चालवायला सांगा, आणि पाणी पडतंय का ते बघूनच. महिनाभर न फिरलेल्या मोटारीचं सील चिकटून बसतं.