अंधारी : एका कल्पित अरण्याचा भूगोल

श्रोतेहो, नमस्कार.

भूगोल सांगायचा तर समोर नकाशा हवा, आणि रेडिओवर तो दाखवता येत नाही. शिवाय आज मी ज्या प्रदेशाविषयी बोलणार आहे, तो पृथ्वीच्या कोणत्याच नकाशावर नाही. एका दीर्घ कथेसाठी मी मनात रचत आणलेले ते अरण्य आहे. बाहेरचे लोक त्याला ‘अंधारी’ म्हणतात. आत राहणाऱ्यांना ते अंधारे वाटत नाही, त्यामुळे त्यांच्या बोलीत सबंध अरण्याला एकच असे नावही नाही. अमका उतार, तमकी घळ, पलीकडचे गवत, एवढ्यावर त्यांचे भागते.

या कथेच्या पहिल्या खर्ड्यात मी आधी राक्षस निर्माण केले, मग त्यांना राहायला झाडे लावली. ते रान कागदावर उभेच राहिले नाही. वाटसरू जिकडे जाईल तिकडे झाडी दाट होई आणि तो थकला की आयता झरा सापडे. म्हणून सगळे पुसून मी पुन्हा सुरुवात केली ती पाण्यापासून, कारण पाणी कुठून येते आणि कुठे जाते हे एकदा ठरले, की झाडे, वाटा, धोके आणि माणसे आपापली जागा शोधत येतात, असा माझा अनुभव आहे.

अंधारीच्या पश्चिमेला समुद्र आहे आणि किनाऱ्याला समांतर अशी एक उंच डोंगररांग आहे. समुद्रावरून येणारे दमट वारे ही रांग चढताना थंड होतात आणि आपल्याजवळचे बहुतेक पाणी पश्चिमेच्या उतारावरच सोडून देतात. तिथले रान बारमाही ओले असते. खोडांवर बोटभर जाडीचे शेवाळ, फांद्यांवर नेचे, आणि खाली भर दुपारीही तिन्हीसांजेसारखा उजेड. यात अतिशयोक्ती नाही. दाट वर्षावनात झाडांच्या शेंड्यांवर पडणाऱ्या सूर्यप्रकाशापैकी जेमतेम एकदोन टक्के प्रकाश जमिनीपर्यंत पोहोचतो. रांग ओलांडून पूर्वेला उतरले, की पर्जन्यछायेचा प्रदेश लागतो. तिथे झाडे विरळ होतात, साली जाड होतात, मध्ये पुरुषभर उंचीचे गवत वाढते आणि उन्हाळ्याच्या अखेरीस त्याला वणवा लागतो.

या दोहोंच्या मध्ये चुनखडीचा पट्टा आहे. पावसाचे किंचित आम्लधर्मी पाणी चुनखडी हळूहळू विरघळवते, त्यामुळे तिथे जमिनीखाली पोकळ्या आणि भुयारे तयार होतात. अंधारीतली मुख्य नदी या पट्ट्यात एका विवरात शिरून दिसेनाशी होते आणि दोन दिवसांच्या चालीवर, एका कड्याच्या पायथ्याशी, पुन्हा वर येते. तिचे नाव बुडी. तिच्या खालच्या अंगाला सपाट दलदल आहे. कल्पित प्रदेशांच्या नकाशांत एक नदी डोंगरातून निघून दोन दिशांना वाहताना दिसते, तेव्हा मला चुटपुट लागते, कारण नद्या सहसा एकमेकींना मिळत जातात आणि त्यांना फाटे फुटतात ते मुख्यतः मुखाजवळच्या सपाटीवर.

आता धोक्यांकडे वळू. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात अरण्यानीला, म्हणजे अरण्याच्या देवतेला, उद्देशून सहा ऋचांचे एक लहान सूक्त आहे. संध्याकाळी रानात थांबलेल्या माणसाला काय काय ऐकू येते, ते त्यात आले आहे : कोणी गाईला हाका मारीत असल्यासारखे वाटते, कोणी लाकूड तोडल्याचा भास होतो, कोणी ओरडले असे वाटते. तू गावाची वाट का विचारीत नाहीस, तुला भय वाटत नाही का, असे ऋषी तिला विचारतो. आणि पुढे म्हणतो की, दुसरे कोणी चालून आले नाही, तर अरण्यानी आपण होऊन कोणाला मारीत नाही. अंधारीतले सगळे धोके मी या एका वाक्याच्या आधाराने ठरवले आहेत. या अरण्याचे कोणाशीही वैर नाही. ते आपल्या उद्योगात असते. त्याची रीत ठाऊक नसलेला माणूस मात्र जिवाला मुकतो.

यातला सर्वांत मोठा धोका म्हणजे चकवा. मराठीत हा शब्द किती नेमका आहे! रानात सरळ चालणारा माणूस फिरून त्याच जागी येतो, तेव्हा आपण त्याला चकवा लागला असे म्हणतो आणि त्याचा दोष एखाद्या भुताला देतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात जर्मनीतील जंगलात आणि सहारा वाळवंटात काही लोकांना सरळ रेषेत चालायला सांगून उपग्रहाच्या साहाय्याने त्यांचा माग नोंदवला गेला. जंगलात ढगाळ दिवशी चाललेले सगळे वळत वळत गोल फिरले आणि आपणच आपली वाट ओलांडली, हे त्यांतल्या बहुतेकांच्या ध्यानातही आले नाही. सूर्य दिसत होता तेव्हा मात्र ते बऱ्यापैकी सरळ गेले. डोळे बांधून चालणाऱ्यांची वर्तुळे तर कधीकधी २० मीटर व्यासाइतकी लहान होती. सरळ म्हणजे कुठे, या आपल्या अंदाजात पावलागणिक बारीक चूक होत जाते, आणि सूर्य किंवा डोंगराच्या सुळक्यासारखी दूरची खूण नसेल, तर त्या चुका साठत राहतात.

अंधारीच्या पश्चिम उतारावर सूर्य क्वचितच दिसतो. माझ्या कथेतला वाटसरू तिथे खूण म्हणून एका रोपट्याची फांदी मोडतो आणि दिवसभर नाकासमोर चालत राहतो. दिवस कलताना त्याच्या हाताला एक मोडकी फांदी लागते. तिच्या टोकावरचा पांढरा चीक सुकून तपकिरी झालेला असतो आणि त्यात एक मुंगी अडकलेली असते. तो चीक तो बोटाने चाचपून पाहतो, आणि सकाळपासून आपण कुठेच गेलेलो नाही हे त्याला कळते. एवढे झाल्यावर तिथे भुताची गरज उरत नाही.

रात्री याच उतारावर कुजलेली लाकडे हिरवट उजेडाने मंद चमकतात. तो बुरशीचा उजेड असतो. अशा चमकणाऱ्या बुरशीच्या शंभराच्या आसपास जाती जगात माहीत आहेत. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात जमिनीखाली सुमारे ९ चौरस किलोमीटर पसरलेली बुरशी आहे आणि ती सगळी मिळून एकच जीव आहे, हे मी प्रथम वाचले, तेव्हा अंधारीतल्या एका खोऱ्याला मी तसाच एक जीव देऊन टाकला. तिथली झाडे एकामागून एक मरतात, कारण मुळांपाशी हा जीव त्यांना खात असतो. उजेड दिसतो म्हणजे वस्ती असेल, अशा समजुतीने परका माणूस नेमका तिकडे जातो आणि वाळलेल्या फांद्या वारा नसतानाही डोक्यावर कोसळतील अशा रानात शिरतो.

पाचोळ्याखाली झाकलेली विवरे आहेत, वणवे आहेत. अंगावरचे कपडे भिजले आणि वारा सुटला, की पाणी गोठण्याइतकी थंडी नसतानाही माणूस गारठून मरू शकतो, तोही धोका आहे. जनावरांचे भय मी सर्वांत शेवटी ठेवले. अन्नसाखळीत एका पायरीवरून वरच्या पायरीला साधारण दहा टक्केच ऊर्जा मिळते, म्हणून मोठे शिकारी प्राणी नेहमीच थोडे असतात. सैबेरियातील एका नर वाघाचा वावर हजार चौरस किलोमीटरहूनही मोठ्या प्रदेशात असू शकतो. त्यामुळे अंधारीत वनराक्षस आहे, पण एकच आहे, आणि बहुतेक लोकांनी जन्मात त्याची फक्त पावले पाहिली आहेत.

अशा प्रदेशात माणसे कशी राहत असतील? पश्चिम उतारावर घळी खोल आहेत आणि पावसात लाकडी पूल कुजतात. मेघालयातील खासी आणि जैंतिया लोकांनी यावर काढलेला तोडगा मला फार थोर वाटतो. ते रबराच्या वडाची जिवंत मुळे ओढ्यावरून पलीकडे वळवतात आणि ती जाड होत होत त्यांचा पूल बनतो. त्याला पंधरा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. अंधारीतले पूलकरीही असेच पूल वाढवतात. मूल जन्माला आले की एक मूळ पलीकडे बांधायचे आणि त्या मुलाच्या लग्नाची वरात त्या पुलावरून न्यायची, ही त्यांची रीत. अशी माणसे घाईने बोलत नाहीत आणि झाड तोडणाऱ्याला क्षमा करत नाहीत.

पूर्वेच्या गवताळ रानात मोहळकरी राहतात. आफ्रिकेत मधाकडे वाट दाखवणारा एक पक्षी आहे. माणसाने धुराने माशा हटवून मध काढला, की उरलेले मेण त्याला मिळते. मोझांबिकमधील याओ लोक त्याला एका ठरावीक आवाजाने बोलावतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, हा आवाज काढला असता पोळे सापडण्याची शक्यता सुमारे १७ टक्क्यांवरून ५४ टक्क्यांपर्यंत वाढते. रानातल्या पाखराशी असा शब्दांचा व्यवहार प्रत्यक्ष जगात चालू असताना, मोहळकऱ्यांसाठी निराळी जादू कशाला शोधायची? त्यांच्या बोलीत ‘शेजारी’ आणि ‘पाखरू’ यांना एकच शब्द आहे.

दलदलीतल्या लोकांकडे मीठ आहे. मोहळकऱ्यांना ते हवे असते, पण दोघांची बोली निराळी आणि भीती जुनी. तेव्हा त्यांच्यात मुका व्यापार चालतो. कार्थेजचे व्यापारी किनाऱ्यावर माल मांडून, धूर करून जहाजावर परतत, मग तिथले लोक येऊन मालाशेजारी सोने ठेवून मागे सरत, आणि दोन्ही बाजूंचे समाधान होईपर्यंत कोणी कोणाला फसवत नसे, असे ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने नोंदवले आहे. अंधारीत यासाठी बुडी नदी जिथे पुन्हा वर येते, त्या कड्याखालचा एक सपाट खडक ठरलेला आहे. मिठाची टोपली त्यावर ठेवायची, ओल्या पानांचा धूर करायचा आणि झाडीत शिरेपर्यंत मागे वळून पाहायचे नाही, हा तिथला नियम आहे. आजवर तो कोणी मोडलेला नाही. माझी कथा सुरू होते ती वाट चुकलेला तो वाटसरू धूर पाहून त्या खडकापाशी येतो, टोपलीतले मीठ चाखतो आणि झाडीआडून कोणीतरी आपल्याकडे पाहत आहे हे त्याच्या लक्षात येते, त्या संध्याकाळी.