आधी अंतर ठरवा, मग बटण दाबा

मंडळी, फोनवर फोटो काढताना कुठला फोटो किती अंतरावरून घ्यायचा, ते आज बघू. आपण कोल्हापुरात जमलोय, तेव्हा उदाहरण कुस्तीचंच घेऊ. खासबाग मैदान तुम्ही पाहिलेलं आहे. शाहू महाराजांच्या काळात, १९१२ साली झालेलं हे मैदान वाडग्यासारखं खोलगट आहे. मधे हौदा, म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा, भोवती चढत गेलेली बैठक. सगळ्यात वर जाऊन उभे राहा, लाँग शॉट तयार आहे. चारी बाजूंनी माणसं, मधोमध लाल माती आणि तिच्यात दोन छोटे मल्ल. चेहरे दिसणार नाहीत, आणि दिसायची गरजही नाही. हा फोटो मैदानाचा आहे. नवखा माणूस नेमका इथेच घोटाळतो. त्याला गर्दीही हवी असते आणि चेहराही. मग तो मधेच कुठेतरी उभा राहतो आणि ना धड गर्दी मिळते, ना चेहरा.

आता हौद्याजवळ या. एकानं पट काढायला झेप घेतलीय, समोरच्याचे पाय त्याच्या हातात सापडलेत. इथे फुल शॉटच हवा, डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत. या डावाचा सगळा खेळ पायांत आहे. पायच कापले तर डाव कळणार कसा? आणि फ्रेम कापायचीच झाली, तर गुडघा, घोटा, मनगट अशा सांध्यावर कापू नका. अवयव तुटल्यासारखा दिसतो. मांडीच्या मध्यावर कापा, तिथे नजर अडखळत नाही. शक्य असेल तर खाली बसा, कॅमेरा मातीच्या पातळीला आणा. मल्ल मोठे दिसतात आणि पाठीमागचा पसारा बराचसा झाकला जातो.

सलामीला मात्र मिड शॉट. कंबरेपासून वर, समोरासमोर दोघं, मधे भिडलेले हात. फोनमधली ग्रिड चालू केली की फ्रेमचे उभे-आडवे तीन-तीन भाग दिसतात. चित्राची विभागणी मधोमध न करता एक-तृतीयांश, दोन-तृतीयांश अशी करायची, हा तिसऱ्या भागाचा नियम जुना आहे. इंग्रज चित्रकार जॉन थॉमस स्मिथ यांनी १७९७ साली निसर्गचित्रांच्या संदर्भात तो मांडला. एकटा मल्ल दंड थोपटत उभा असेल तर त्याला एका बाजूच्या रेषेवर घ्या आणि तो बघतोय त्या बाजूला जागा सोडा. पण सलामीत दोघं बरोबरीचे असतात. तिथे मी हात सरळ मधोमध ठेवतो, नियम बाजूला.

क्लोजअपचं थोडं सविस्तर सांगतो, कारण बहुतेकांचा फोटो तिथेच बिघडतो. फोनची मुख्य लेन्स वाइड असते, म्हणजे एकदम बराच भाग टिपते; फुल फ्रेमच्या, म्हणजे मोठ्या कॅमेऱ्याच्या, हिशेबात साधारण २४ ते २६ मिलिमीटर. तिनं चेहरा फ्रेमभर घ्यायचा तर फोन अगदी नाकाशी न्यावा लागतो. नाक पुढे येतं, कान मागे पडतात. आणि पैलवानाचे तर कानच टिपायचे असतात! वर्षानुवर्षं घासून, दबून मोडलेले, गाठाळलेले कान. त्याची सगळी मेहनत तिथे दिसते. म्हणून चार पावलं मागे सरका, मग टू एक्स, म्हणजे दुप्पट झूम, लावा. नुसता झूम करून उपयोग नाही, कारण चेहऱ्याची ठेवण बदलते ती तुमच्या अंतरानं.

उद्या सकाळी तालमीत जायचंय. वस्तादांची परवानगी घेतलीय. चपला बाहेर, फ्लॅश बंद. पोरं माती उकरत असतील, त्यांचा आधी फुल शॉट घ्या. क्लोजअपला जवळ जायच्या आधी त्यांना विचारा.